भोगवर्धनची हस्तिदंती बाई

मैत्रिणींनो, जुनं व्यापारी गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? समुद्र, गलबतं, धक्क्यावर चढलेल्या गोण्या. चौल, वसई, फार तर जंजिऱ्यासारखं बेट. जालना जिल्ह्याचं नाव कुणाच्या तोंडी यायचं नाही. आलंच तर ते जालना शहराचं येईल. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण तर मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक आहे. मोंढ्यातली आडत, बी-बियाणं, लोखंडी सळया, मोसंबी… पैशाचं गाव! पण आज मी तुम्हाला जालन्यात थांबवणार नाही. राजूरच्या गणपतीला वाटेत हात जोडून आपल्याला पुढं जायचंय भोकरदनला.

‘भोकरदन? तिथं काय आहे?’ असंच म्हणालात ना? तालुक्याचं गाव, केळना नदी, एस.टी. स्टँड, कचेऱ्या, कापूस-मक्याच्या गाड्या. वरवर पाहिलं तर एवढंच दिसतं. पण या गावाचं मूळ नाव आहे भोगवर्धन. भोग वाढवणारं, सुखाची चैन वाढवणारं गाव. हजारो तोंडांत फिरून फिरून हे नाव झिजलं आणि त्याचं भोकरदन झालं, जशी हातोहात फिरलेल्या नाण्यावरची अक्षरं पुसट होतात तसं. पुराणांत दक्षिणेकडच्या लोकांची यादी येते, तीत अश्मक, कुंतल यांच्या जोडीनं भोगवर्धनांचंही नाव येतं. म्हणजे गाव लहानसहान नव्हतं.

आणि त्याला पुराणापेक्षा पक्का पुरावा दगडावर कोरलेला आहे. मध्य प्रदेशातला सांचीचा स्तूप तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. त्याचे कठडे, फरशा, खांब एका राजानं बांधून दिलेले नाहीत. कुणी एक फरशी दिली, कुणी एक आडवा दगड दिला, आणि ज्यानं दिलं त्याचं नाव नि गाव त्या दगडावर कोरून ठेवलं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव घालतात ना, तसंच. त्या शेकडो नावांत भोगवर्धनच्या दात्यांची नावं आहेत. भारहूतच्या स्तूपावरही हे गाव आलंय. सांची भोकरदनपासून सरळ रेषेत धरली तरी चारशे किलोमीटर, भारहूत सातशेच्या घरात. दोन हजार वर्षांपूर्वी ना आगगाडी, ना सडक. तरी इथली माणसं तिथवर जात होती, आणि दान देण्याइतका पैसा गाठीला बांधून जात होती.

आणखी एक गोष्ट तुम्हा-आम्हाला आवडेल अशी. सांचीच्या या दात्यांमध्ये बायका भरपूर आहेत. भिक्षुणी आहेत, तशा घरसंसार करणाऱ्याही आहेत. कुणी आपल्या मुलाचं नाव सांगून स्वतःची ओळख देते, कुणी नुसतं स्वतःचं नाव. नवऱ्याच्या पैशातून दिलं की स्वतःच्या, हे दगड सांगत नाही. पण नाव मात्र तिचं आहे, हे महत्त्वाचं.

भोगवर्धनला हा पैसा आला कुठून, तर रस्त्यातून. सातवाहनांची राजधानी पैठण. पैठणहून उत्तरेला निघालेला रस्ता अजिंठ्याच्या डोंगरातून उतरून तापी, नर्मदा ओलांडत माहेश्वर, उज्जैन, विदिशा असा जायचा. भोगवर्धन याच वाटेवरचा मुक्काम. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात याच परिसरात खोदली गेली, ती काही रानात एकांत हवा म्हणून नव्हे. भिक्षूंना भिक्षा घालणारे सार्थवाह, म्हणजे तांड्याचे प्रमुख व्यापारी, त्याच वाटेनं जात होते. लेणं आणि बाजार यांचं नातं आपल्याकडे नेहमीच असं जवळचं राहिलंय. जुन्नर बघा, नाणेघाट बघा. नाणेघाटात तर सातवाहनांची राणी नागनिका हिचा भला मोठा लेख आहे, आणि त्या घाटातून जाणारा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्या पुस्तकाला. त्याचं स्वतःचं नाव काही त्यानं लिहिलं नाही. तो सांगतो की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमलही, हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला यायचं. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत त्यानं हस्तिदंतही लिहिलाय. हा हस्तिदंत लक्षात ठेवा हं, कारण गोष्ट आता त्याच्यावरच येते.

आता जरा लांब जाऊ. इटलीत.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पॉम्पेई नावाचं भरलं शहर राखेखाली गडप झालं. ताटं ताटाच्या जागी, भाकऱ्या भट्टीत, कुत्रं साखळीला बांधलेलं, तसंच्या तसं. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या संशोधकाच्या देखरेखीखाली तिथं खोदकाम चालू होतं. तेव्हा एका घरात एक हस्तिदंती बाहुली सापडली, वीतभराहून थोडी उंच. बाहुली रोमन नव्हती. ती आपली होती! भारतातली.

कशी आहे ती? अंगावर वस्त्र नाहीच म्हटलं तरी चालेल, पण दागिने पाहा! गळ्यात माळा, कमरेला रुंद कमरपट्टा, हातात मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या आणि पायात पोटऱ्या झाकतील इतके वाळे. पाठीवर लांबसडक वेणी. एक पाय दुसऱ्यासमोर आडवा टाकून अशी ऐटीत उभी आहे की जणू कुणी म्हणालंय, ‘तयार झालीस का?’ आणि ही म्हणतेय, ‘झाले, एवढं कानातलं घालते.’ तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी आहेत, हातात साजशृंगाराचं सामान घेतलेल्या. इतके दागिने एका अंगावर कसे मावत असतील, असं वाटलं तर जालना जिल्ह्यातल्याच एखाद्या बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्या आजीला आठवा. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पायात जड वाळे. त्या बाहुलीची अन् आजीची फार ओळख असावी असं उगीच वाटतं. (इतिहासकार मला रागावतील, पण वाटतं खरं.)

सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हणून टाकलं आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पण हातात कमळ नाही, शेजारी हत्ती नाहीत. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिच्या डोक्यात वरून एक भोक पाडलेलं आहे. म्हणजे ही नुसती शोभेची मूर्ती नव्हे, कशाचा तरी भाग आहे. आरशाची मूठ म्हणा, नाहीतर लहानशा चौरंगाचा पाय. आरशाची मूठ हेच मला पटतं, कारण शृंगाराला उभी असलेली बाई आरशाखेरीज कुठं शोभणार? आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

आता भोकरदनला परत या. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ या दोघांनी मिळून भोकरदनच्या जुन्या पांढरीवर खोदकाम केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. मातीतून सातवाहनांची नाणी आली, खापरं आली, रंगीबेरंगी मणी आले, आणि हस्तिदंताचा एक मोडका तुकडा आला. खालचाच भाग, वरचं अंग गेलेलं. पण काय दिसावं त्यात? उभ्या स्त्रीचे वाळ्यांनी भरलेले पाय, आणि दोन बाजूंना दोन दासी. पॉम्पेईच्या बाईची जणू सख्खी बहीण! तेरलाही अशाच वळणाची एक हस्तिदंती स्त्री सापडलेली आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या दोन गावांत तिच्या दोन बहिणी, आणि तिसरी सासरी, रोमच्या मुलखात.

मग ही पॉम्पेईची बाई भोकरदनचीच का? इथं आपण जरा सबुरीनं घेऊ या. गावोगावच्या पुस्तिकांत आणि भाषणांत ‘भोकरदनची लक्ष्मी रोमला गेली’ असं ठणकावून सांगतात. सांगणाऱ्याचा अभिमान मला समजतो. पण पॉम्पेईच्या मूर्तीवर एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. ही लिपी वायव्येकडची, आज जिथं पाकिस्तान-अफगाणिस्तान आहे तिकडची. म्हणून काही अभ्यासक तिचं माहेर तिकडं शोधतात. काहीजण विदिशेकडे बोट दाखवतात, कारण सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. बघा, हस्तिदंत कोरणारे हात दगडही कोरत होते! आणि काहीजण भोकरदन-तेरच्या बाजूनं आहेत. कारागीर गाव सोडून जातात, नमुने एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. आपल्या पैठणीवरचा मोर काय फक्त पैठणातच विणला जातो? अक्षर कारागिराचं असेल, व्यापाऱ्याचं असेल, वाटेतल्या वखारीचं असेल.

मला विचाराल तर ती भोकरदनचीच ठरली नाही म्हणून भोकरदनचं काडीइतकंही कमी होत नाही. पॉम्पेईची बाई नेपल्सला आहे, ती आपल्याला मिळणार नाही. पण भोगवर्धनमध्ये तशाच वळणाची वस्तू होती, इथल्या कुणा बाईनं तो आरसा हातात धरला असेल, तिचं कुंकू-काजळ त्या मुठीवर सांडलं असेल, ही गोष्ट खोदकामानं पक्की दिली आहे. परदेशी गेलेल्या मालाचं कौतुक आपल्याला फार असतं. घरी राहिलेल्या मालाचं कुणी करत नाही.

या व्यापाराचा एक गमतीचा पैलू सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्लिनी नावाचा मोठा रोमन विद्वान होऊन गेला. तो लिहितो की दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, एकट्या हिंदुस्थानच्या घशात जातात. आणि हिंदुस्थान, चीन, अरबस्तान मिळून दहा कोटी. दोष कुणाला? चैनीला आणि बायकांना! मिरी, मोती, मलमल, अत्तरं ही सगळी बायकांची हौस म्हणे. मिरी घातलेलं मांस कोण खात होतं, हे त्यानं विचारलं नाही. आणि योगायोग पाहा, हाच प्लिनी त्याच व्हेसुव्हियसच्या स्फोटात ७९ साली मेला. ज्या राखेत आपली हस्तिदंती बाई झाकली गेली, त्याच राखेच्या ढगाखाली तिच्या खरेदीवर कुरकुर करणारा हा गृहस्थही गेला.

माल नुसता जात नव्हता, येतही होता. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडनची, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाची, काशाची मूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पाहायला मिळते. समुद्रदेव सह्याद्री चढून कोल्हापुरात आला, आणि मराठवाड्यातल्या जुन्या गावांच्या पांढरीत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडतात. शंख काही केळनेच्या पात्रात होत नाहीत. समुद्र भोकरदनला कधी आला नाही, पण समुद्रातली वस्तू बाईच्या मनगटावर येऊन पोचलीच.

मातीचं काय करायचं?

आता जे सांगते आहे ते गावाकडच्या मैत्रिणींनी जरा लक्ष देऊन वाचावं. खेड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती मिळून ती माती तयार झालेली असते. शेताला खत म्हणून, धाब्याच्या घरावर पाणी मुरू नये म्हणून, ही पांढरी आपल्या आजोबा-पणजोबांनी गाड्या भरभरून नेली. त्यात त्यांची चूक नव्हती, माती खरंच गुणाची असते. पण आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आलाय. बैलगाडीनं शंभर वर्षांत नेलं नसतं तेवढं यंत्र एका दुपारी नेतं. मग त्या मातीतला मणी, नाणं, भाजलेली बाहुली, हस्तिदंताचा तुकडा बांधावर पडतो, नाहीतर रस्त्याच्या भरावात जातो. आणि वस्तू एकदा आपल्या जागेवरून हलली की ती किती खोलीवर होती, शेजारी काय होतं, हे कळायचा मार्ग कायमचा बंद. तज्ज्ञांना वस्तूइतकीच ही जागा मोलाची असते.

पहिला पाऊस पडून गेला की पांढरीवर मणी उघडे पडतात. पोरी ते वेचून दोऱ्यात ओवतात. वेचू देत, बाई, त्यांना काही म्हणू नका! पण गावात कुणी ‘जुने मणी घेतो, नाणी घेतो’ म्हणत मोटरसायकलवर आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. दहा-वीस रुपयांत तो जे नेतो ते पुढं कुठं जातं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परदेशी तर नेताच येत नाहीत. तहसील कचेरीत जायची भीती वाटत असेल तर गावातल्या शाळेच्या इतिहासाच्या बाईंना दाखवा. सापडलं ती जागा, तारीख आणि किती खोल होतं, एवढं वहीत टिपून ठेवा. धुवायचं असेल तर साध्या पाण्यानं. चिंच, राख, लिंबू लावून घासू नका. आपण तांब्या-पितळ घासतो त्या हौसेनं जुनं नाणं घासलं तर त्यावरचा राजा पुसला जातो.

तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक व्यापारी होते. गावकऱ्यांना शेतात, पांढरीत जे जे सापडायचं ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं. लोक कदाचित हसलेही असतील, की हा खापरं जमवतो म्हणून. आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तेरला उभं आहे आणि जगभरचे अभ्यासक ते पाहायला येतात. तेरची हस्तिदंती बाई तिथलीच. लामतुरे विद्यापीठात शिकवत नव्हते. भोकरदनला असा एखादा लामतुरे, किंवा एखादी लामतुरेबाई निघाली असती तर!

हस्तिदंताचा विषय निघालाच आहे म्हणून घरातली एक गोष्ट. जुन्या पेटाऱ्यात आजीची हस्तिदंती फणी, करंडा किंवा बांगडी असेल तर ती विकू नका. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार कायद्यानं बंद आहे. देशी हत्तीच्या दातांचा १९८६ च्या दुरुस्तीनं, आणि आफ्रिकेतून आणलेल्यांचा १९९१ च्या. असं काही घरात असल्याची नोंद वनखात्याकडे असायला हवी, ती आहे का एकदा विचारून घ्या. नवं तर विकत घेऊच नका, मग विकणारा ‘जुनंच आहे, ताई’ म्हणून कितीही शपथा घेवो. फणी जपायची तर पाण्यात बुडवू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. उष्णतेनं तडे जातात. कोरड्या मऊ सुती फडक्यानं पुसा. तेल-साबण लावू नका. अंधाऱ्या पेटीत हस्तिदंत पिवळा पडतो, त्याची काळजी करू नका, तो त्याचा स्वभाव आहे.

आणि भोकरदनला जायचं मनात आलं असेल तर पावसाळ्यानंतर जा. केळनेच्या काठाशी खडकात कोरलेली तुकाई लेणी आहेत, वैष्णव. ती सातवाहनांच्या नंतर कित्येक शतकांची. हस्तिदंती बाईच्या काळाशी त्यांचा संबंध नाही, पण गाव त्यानंतरही नांदतं होतं याची ती साक्ष. तिथून पुढं त्याच केळनेकाठी, जुई नदीच्या बेचक्यात असई आहे. तिथं २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांची शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई झाली. पुरुषमंडळींना ती लढाई दाखवा, ती त्यांना आवडते. तुम्ही मात्र तुकाईच्या पायऱ्यांवर जरा बसा, आणि पर्समधला आरसा काढून एकदा केस नीट करून घ्या.